मी काढलेला डार्नेलचा फोटो

आमचं घर हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर होतं. बाबा त्याच हॉस्पिटलात डॉक्टर होते आणि वॉर्डात चालत जाता येतं या एका कारणासाठी त्यांनी ते घर कधी सोडलं नाही. त्यांच्याबरोबर नागपूरहून अमेरिकेत आलेले दोघे मित्र केव्हाच लांबच्या गावात हिरवळ असलेल्या घरांत राहायला गेले होते. गणपतीला सगळे जमले की त्यांच्या बायका आईला विचारायच्या, "अजून तिथेच राहता का तुम्ही?" आई म्हणायची, "यांना ड्राइव्ह करायला आवडत नाही ना." परतीच्या वाटेवर मात्र गाडीत ती एक शब्द बोलायची नाही. आमच्या मजल्यावर आम्ही सोडून दोन घरं होती. एकात पोर्टो रिकोचं म्हातारं जोडपं आणि दुसऱ्यात चर्चमध्ये गाणारी एक काळी बाई, जी आंघोळ करतानाही गायची. तिचा आवाज पाइपांतून आमच्या मोरीत यायचा आणि आई भांडी घासताना त्या सुरात सूर मिसळायची. हे आईच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही भावंडांनी तिला सांगितलंही नाही, सांगितलं असतं तर तिने बंद केलं असतं.

उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असायच्या. दर थोड्या वेळाने अँब्युलन्सचा सायरन, आणि मधल्या वेळात खालच्या कोपऱ्यावर डॉमिनो खेळणाऱ्या माणसांची टेबलावर आपटलेली सोंगटी. तो कोपरा म्हणजे दोन्या कार्मेनचं, म्हणजे कार्मेनबाईंचं, किराणा दुकान. इंडियन ग्रोसरी घ्यायची तर बाबांच्या सुट्टीची वाट बघावी लागायची, म्हणून आई गरज पडेल तेव्हा कार्मेनकडेच जायची. एकीला स्पॅनिश येत नव्हतं, दुसरीला मराठी, आणि इंग्रजी दोघींनाही बेताचंच. तरी कच्ची केळी, कोथिंबीर, नारळ सगळं मिळायचं. एके दिवशी आईला तिथे डब्यात तुरीचे हिरवे दाणे सापडले. आमच्याकडे त्यांना सोले म्हणतात. डबा हातात धरून ती दुकानातच उभी राहिली. त्या दिवशी घरात सोल्यांचं पातळ आळण झालं, लसणीची फोडणी, वर कच्चं तेल, सोबत भाकरी. बाबा जेवता जेवता म्हणाले, "या लोकांचं आणि आपलं काही वेगळं नाही." आई म्हणाली, "जेवणापुरतं." तिची तशी समजूत होती. ती वाईट बाई नव्हती. परक्या गावात मुलगी मोठी होत असल्याची भीती तिला होती, आणि त्या भीतीला आमच्या रस्त्यावरच्या पोरांचे चेहरे होते. "शाळेत बोल, हस, काही म्हणणं नाही," ती मला बजावायची. "पण त्या मुलांबरोबर रस्त्यानं फिरायचं नाही."

मी त्या मुलांबरोबर रस्त्यानं फिरू लागले ते लायब्ररीमुळे. मी पंधरा वर्षांची होते. लायब्ररीच्या तळघरात मिस बर्निस नावाच्या बाई शनिवारी फोटोग्राफीचा क्लास घ्यायच्या. उंच, पांढरे केस अगदी बारीक कापलेले, आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढे झुकावं लागायचं. आम्ही अकरा जण होतो, मी सोडून सगळे काळे नाहीतर पोर्टो रिकोचे. मिस बर्निस लायब्ररीचे कॅमेरे आठवड्यासाठी घरी न्यायला द्यायच्या. प्रत्येक कॅमेऱ्यावर पांढऱ्या रंगात नंबर होता आणि सोबत कॅमेरा लायब्ररीचा असल्याची सही-शिक्क्याची चिठ्ठी. "ही चिठ्ठी कॅमेऱ्यापेक्षा जास्त सांभाळा," त्या म्हणायच्या. मला ते कळायचं नाही. बाकीच्या दहा जणांना कळत असावं, कारण ते हसायचे नाहीत.

शरद ऋतूत लायब्ररीत प्रदर्शन भरणार होतं. विषय एकच होता, तुमच्या दिवसात काय काय आड येतं ते दाखवा. कार्मेनची मुलगी मिलाग्रोस शाळेत माझ्याच वर्गात होती आणि या क्लासलाही यायची. तिने सरकारी ऑफिसातल्या रांगा, दवाखान्यातल्या खुर्च्या, असे फोटो काढले. आईच्या, मावशीच्या, शेजारणीच्या कामाला दुभाषी म्हणून तिला जावं लागायचं आणि त्या दिवशी तिची शाळा बुडायची. डॉक्टर जे सांगतील ते आधी तिच्या कानात जायचं. "मावशीला गाठ आहे हे मावशीच्या आधी मला कळलं," ती एकदा फिल्म धुताना सहज म्हणाली. आणि डार्नेल. डार्नेल सोळाचा, लांब हातांचा, बोलायला सावकाश. त्याची आई लॉरेन बाबांच्या वॉर्डात नर्सेसच्या हाताखाली काम करायची आणि तोही सुट्टीत हॉस्पिटलच्या किचनमध्ये पेशंटच्या जेवणाचे ट्रे पोचवायचा. त्याच्या फोटोंत माणसं नसायचीच. बंद पडलेला पोहण्याचा तलाव, बास्केटबॉलची जाळी नसलेली रिंग, आमच्या शाळेतली पानं फाटलेली पुस्तकं. फोटो छापायला आमच्यात त्याच्याइतका हात कोणाचा नव्हता. फोटो उमटवायच्या औषधाच्या ट्रेमधून कागद नेमका कधी उचलायचा हे तो घड्याळ न बघता सांगायचा. दोन वेळा माझे फोटो वाया जाता जाता त्याच्यामुळे वाचले होते.

सुट्टीतल्या एका शुक्रवारची सकाळ होती. आम्ही दोघं फोटो काढायला निघालो होतो. मी रस्त्याच्या या बाजूला, तो पलीकडे. रस्त्याच्या दोन बाजूंनी चाललो तर आईने विचारल्यावर "बरोबर नव्हते" असं म्हणता येईल, असा माझा हिशोब. डार्नेल एका बंद दुकानाच्या शटरचा फोटो घेत होता तेव्हा पोलिसांची गाडी येऊन थांबली. दोघे उतरले. एकाने कॅमेऱ्याकडे बोट केलं. डार्नेल काहीतरी म्हणाला आणि त्याने शर्टाच्या खिशाकडे मान झुकवली. हात नेला नाही, फक्त मान झुकवली. चिठ्ठी खिशात होती. पोलिसाने त्याला भिंतीकडे तोंड करायला लावलं, दोन्ही हात वर, पाय फाकवून. कॅमेरा त्याच्या गळ्यात लोंबत होता आणि भिंतीवर आपटू नये म्हणून तो पोट आत ओढून उभा होता. माझ्याकडेही तसाच कॅमेरा होता, फक्त नंबर वेगळा. मी तो डोळ्याला लावला आणि तीन फोटो घेतले. दुसऱ्या पोलिसाने माझ्याकडे पाहिलं आणि हात हलवून म्हणाला, "स्वीटहार्ट, गाड्या येतात, फुटपाथवर राहा." मला चिठ्ठी कोणी विचारली नाही. नंतर त्यांनी डार्नेलच्या खिशातून त्याची चिठ्ठी काढली, वाचली, परत घातली आणि ते गेले. सगळं मिळून पाच मिनिटं असतील. डार्नेल रस्ता ओलांडून आला. म्हणाला, "चल. ऊन फार वर गेलं." मी फोटो घेतले हे त्याला कळलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तळघरात त्या तिनांतला एक फोटो ट्रेमध्ये हळूहळू उमटला. तो चांगला होता. खोटा विनय आता या वयात काय कामाचा, तो मी आयुष्यात काढलेल्या चांगल्या फोटोंपैकी एक होता. डार्नेलचा अर्धा चेहरा, भिंतीवर पसरलेली लांब बोटं, आत ओढलेलं पोट, आणि त्याच्या पाठीमागे पोलिसाचा निवांत पाय. मिस बर्निस त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. डार्नेल तेव्हा किचनच्या ड्यूटीवर होता. त्यांनी त्यांच्या त्या हळू आवाजात विचारलं, "त्याला माहीत आहे?"

"हो," मी म्हटलं.

"त्याची हरकत नाही?"

"नाही."

इतकं सोपं होतं ते. पुढच्या आठवड्यात प्रदर्शनाबद्दल लिहायला गावातल्या वर्तमानपत्राचा एक माणूस आला, टेबलावर मांडलेले सगळ्यांचे फोटो त्याने चाळले आणि माझा उचलला. गुरुवारी तो छापून आला. लायब्ररीचं नाव कुठे नव्हतं, क्लासचं नव्हतं. दुकानांतल्या चोऱ्यांबद्दलच्या बातमीशेजारी तो लावला होता आणि खाली एक ओळ होती, 'एका संशयित तरुणाची झडती घेताना पोलीस.' त्याखाली बारीक अक्षरांत माझं नाव. बाबांना वॉर्डात कोणीतरी पेपर दाखवला. त्यांनी येताना पाच प्रती आणल्या. आईने शिरा केला. मी ती ओळ वाचली होती आणि शिराही खाल्ला.

शुक्रवारी दुपारी दारावर टकटक झाली. लॉरेन उभी होती, हॉस्पिटलच्या पांढऱ्या कपड्यांत, हातात घडी घातलेला पेपर. बाबांना ती सहा वर्षं ओळखत होती, पण आमच्या घरी कधी आली नव्हती. आईने तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि चहा टाकला. लॉरेनने पेपर उलगडून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता आईशी बोलली.

"मॅम, डॉक्टर भला माणूस आहे म्हणून मी इथे आले. हा माझा मुलगा. याच्या हातात लायब्ररीचा कॅमेरा होता. त्यांनी कागद बघितला आणि सोडून दिलं. पण या फोटोत त्याला सोडलेलं नाहीये. काल किचनच्या सुपरवायझरने त्याला सांगितलं, हे प्रकरण मिटेपर्यंत येऊ नकोस. मिटायला काय आहे? प्रकरणच नाही."

आईला सगळे शब्द कळले नसतील. पण तिने फोटोतल्या मुलाकडे बघितलं, समोरच्या बाईकडे बघितलं, आणि मला मराठीत विचारलं, "वैजू, तू त्याला विचारलं होतंस का?"

"नाही."

"आणि त्या टीचरनं विचारलं असेल ना? तिला काय सांगितलंस?"

"खोटं सांगितलं."

आईने गॅस बंद केला. इंग्रजी बोलायला ती नेहमी लाजायची, चुकेल म्हणून. तेव्हा ती लॉरेनला सावकाश म्हणाली, "माय डॉटर डिड राँग. नॉट युवर सन. टुडे वुई विल कम टु युवर हाउस." लॉरेनने चहा पूर्ण प्यायला. जाताना म्हणाली, "चहा चांगला होता, मॅम." दार लागल्यावर आई मला ओरडली नाही. टेबल पुसत ती इतकंच म्हणाली, "मी तुला त्या पोरांपासून सांभाळत राहिले होते." वाक्य पुरं झालं असं मला वाटलं नाही.

हल्ली माझी भाची मला फोनवर पोलिसांनी कोणाला अडवल्याचे व्हिडिओ दाखवते. कोणीतरी मुलगा, कोणतं तरी गाव, गाडीच्या बॉनेटवर टेकवलेले हात. आता सगळ्यांच्याच खिशात कॅमेरा आहे आणि त्यामुळे कित्येक खोटी प्रकरणं उघडी पडली, हे मला माहीत आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण व्हिडिओ संपला की मी तिला विचारते, "पुढे काय झालं गं त्याचं?" ती म्हणते, "आय डोन्ट नो, मावशी, इट जस्ट एन्ड्स."

त्या शुक्रवारी ऊन उतरल्यावर आई कोणाकडे जाताना नेसायची ती जरीची नव्हे, साधी सुती साडी नेसली आणि आम्ही निघालो. डार्नेलचं घर चार रस्ते पलीकडे होतं. इतकी वर्षं त्या गावात राहून आई त्या बाजूला कधी गेली नव्हती. पायऱ्यांवर बसलेली माणसं तिच्या साडीकडे बघत होती आणि "इव्हनिंग, मॅम" म्हणत होती. पहिल्या दोघांना तिने नुसती मान हलवली, तिसऱ्याला "गुड इव्हनिंग" म्हणाली. डार्नेल घरासमोरच्या पायरीवर बसला होता. आई लॉरेनबरोबर आत गेली आणि मी खालच्या पायरीवर उभी राहिले.

"सॉरी," मी म्हटलं. मग मिस बर्निसना खोटं सांगितल्याचंही सांगितलं.

"तू घेत होतीस ते मला दिसलं होतं," तो बुटांकडे बघत म्हणाला. "मला वाटलं मला आणून दाखवशील. दाखवला असतास तर मी म्हटलं असतं, छान आलाय, फाडून टाक." मग त्याने वर बघितलं. "का नाही विचारलंस?"

विसरले, वेळ मिळाला नाही, तू ड्यूटीवर होतास, अशी सगळी उत्तरं मी वाटेत जुळवून ठेवली होती. "तू नाही म्हणाला असतास म्हणून," मी म्हटलं.

तो हसला, पण ते हसू मला उद्देशून नव्हतं. "बरोबर. नाही म्हणालो असतो." मग म्हणाला, "त्या सकाळी पोलीस गेल्यावर आपण पार्कात गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्याने आपल्याला कबुतरांचा फोटो काढायला लावला. मी घरी जाऊन अंडी खाल्ली, झोपलो. चांगला दिवस होता तो, वैजू. ती पाच मिनिटं सोडून. आणि लोकांना आता तेवढीच पाच मिनिटं माहीत आहेत."

मी त्याला तिन्ही निगेटिव्ह दिली. त्याने ती उजेडात धरून पाहिली, एकेक करून, छापणाऱ्या माणसाच्या नजरेने. मग खिशात ठेवली. ठीक आहे, असं तो म्हणाला नाही. म्हणावं अशी माझी अपेक्षा होती आणि तीही त्याला कळली असणार.

बाबा सोमवारी किचनच्या सुपरवायझरकडे गेले. रात्री जेवताना त्यांनी सांगितलं, "खुर्ची दिली, कॉफी दिली, डॉक्टर डॉक्टर करत होता. मुलगा चांगलाच आहे म्हणाला. जागा मात्र भरली म्हणे." ते भात कालवत राहिले. "इतक्या आदराने बोलला माझ्याशी. मला वाटत होतं त्याचा काहीतरी उपयोग होईल." इथे आपण कोण आहोत याचं एक चित्र त्यांच्या मनात होतं, त्याला तेव्हा तडा गेला असावा. त्यानंतर आमच्याकडे जमलेल्या मंडळींत कोणी "हे काळे लोक" अशी सुरुवात केली की बाबा उठून आत जायचे. वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, उठून जाणं जमलं.

डार्नेलचं काम मार्गी लागलं ते लॉरेनमुळे. एक्स-रे विभागात फिल्म धुवायला माणूस लागतो हे तिला माहीत होतं. मुलाचे तलावाचे आणि रिंगचे फोटो एका पाकिटात घालून ती त्याला घेऊन तिथे गेली आणि त्यांना म्हणाली, हे याने स्वतः धुतलेत, बघा. शाळा सुरू झाल्यावर तो दुपारी तिथे जाऊ लागला. पुढे तो त्यातच शिकला आणि दुसऱ्या राज्यात एका मोठ्या हॉस्पिटलात त्या विभागाचा मुख्य झाला, हे मला मिलाग्रोसकडून कळलं. ती नर्स झाली. तिच्या वॉर्डात दुभाष्याचं काम लहान मुलांकडून करून घ्यायला तिने कधी दिलं नाही.

मिस बर्निसनी माझा कॅमेरा काढून घेतला. मला क्लासमधून काढलं नाही. महिनाभर मी बाकीच्यांचे ट्रे धुतले, कागद वाळत घातले. वर्तमानपत्राला मी खरा प्रकार सांगणारं पत्र लिहिलं, तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा त्यांनी आतल्या पानावर चार ओळी छापल्या. त्या कोणीच वाचल्या नाहीत. लॉरेनने वाचल्या. वॉर्डात ती बाबांना म्हणाली, "तुमच्या मुलीला सांगा, मी पाहिलं." प्रदर्शनात माझा एकही फोटो नव्हता. आई आली होती. डार्नेलच्या पोहण्याच्या तलावासमोर ती बराच वेळ थांबली आणि लॉरेनला इंग्रजीत म्हणाली, "पूर पूल," बिचारा तलाव, आणि दोघी कशाला तरी हसल्या.

पुढे चाळीस वर्षं मी लोकांचे फोटो काढूनच पोट भरलं. लग्नं, मुंजी, बारशी, न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी घरांतल्या भिंतींवर मी काढलेली माणसं आहेत. विचारल्याशिवाय काढत नाही म्हणून लोक वैतागतात. "काकू, कँडिड हवेत, नकळत काढलेले," नवरी म्हणते. मी तरी विचारते.

प्रदर्शन संपल्यावर बऱ्याच दिवसांनी, एका रविवारी, मी कार्मेनच्या दुकानातून नारळ घेऊन येत होते. डार्नेल कोपऱ्यावर होता, गळ्यात कॅमेरा. तोवर आम्ही तळघरात पुन्हा बोलू लागलो होतो, औषध गरम झालं का बघ, कागद दे, इतकंच. सकाळीच आईने माझ्या डोक्यावर तेल थापून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या आणि अंगावर भावाचा जुना शर्ट होता. डार्नेलने कॅमेरा अर्धा उचलला आणि थांबला.

"काढू?" त्याने विचारलं.

तो खरंच थांबला होता. बोट बटणावर नव्हतं. मी हो म्हणेन असं धरून तो चालला नव्हता, आणि मला काही शिकवायलाही थांबला नव्हता. त्याला फोटो हवा होता, आणि माझं उत्तर त्याला माहीत नव्हतं. मी माझ्या वेण्यांकडे, शर्टाकडे पाहिलं.

"नको," मी म्हटलं. "आज नको."

"ओके," तो म्हणाला. त्याने कॅमेरा खाली केला, नारळाची पिशवी माझ्या हातातून घेतली आणि आम्ही रस्त्याच्या एकाच बाजूने घरापर्यंत चालत आलो.